पास्कू तांडेलाची होरी आणि उत्तरेकडचे राजे

निळ्या दाताचा राजा आमच्या घरी आला त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. तसं ते कुठल्याच दिवशी नसायचं. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही मिरा रोडला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो, आणि खिडकीतून बघावं तिकडे मिठागरं दिसायची. टँकरचा भोंगा वाजला की आई कणकेने भरलेल्या हातांनीच बादल्या उचलून जिना उतरायची. "मला मेलीला मिठात मुरवायला आणलंय," असं ती बाबांना रोज एकदा तरी ऐकवायची आणि बाबा रोज तितक्याच शांतपणे म्हणायचे, "हवा बघ किती येते." हवा यायची हे खरं होतं. तिच्याबरोबर डासही यायचे, पण त्यांचा विषय बाबा काढत नसत.

बाबा जहाजांच्या एका एजंटाच्या कचेरीत कारकून होते. परदेशी बोट धक्क्याला लागली की तिचे कागद बाबांच्या टेबलावरून जायचे, आणि कधीमधी एखाद्या कप्तानाकडून कॅलेंडर, माशांचा डबा असं काही हाती पडायचं. डब्यातले मासे आई वासावरूनच मांजरीला घालायची. त्या संध्याकाळी मात्र बाबांच्या पिशवीतून एक भलंमोठं पुस्तक निघालं. नॉर्वेच्या कुठल्याशा बोटीचा कप्तान निवृत्त होत होता, केबिन आवरताना त्याने ते बाबांच्या हातात ठेवलं होतं. कागद गुळगुळीत, पानापानाला डिझेलचा वास, आणि वर एका लांबोडक्या होडीचं चित्र. होडीच्या टोकाला जबडा वासलेल्या प्राण्याचं डोकं कोरलेलं. "व्हायकिंग," बाबा म्हणाले. "हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडून यायचे. लुटायचे, जाळायचे, राज्यं करायचे." आईने पुस्तकावरून एक नजर फिरवली आणि म्हणाली, "बरं आहे. आपल्याकडे लुटण्यासारखं काही नाही."

परवा माझी नात इरा टीव्हीवर त्यांचीच मालिका बघत बसली होती. सोफ्यावर पाय वर घेऊन, खाकरा खात. दाढ्यांच्या वेण्या घातलेले दांडगे पुरुष आरडाओरडा करत कुठल्याशा किनाऱ्यावर उतरत होते. मी चष्मा पुसत म्हटलं, "यांच्या टोपांना शिंगं नाहीत, तेवढं बरोबर दाखवलंय." इराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी उठून कोलांटीउडी मारली होती. आजीला हे कसं ठाऊक, असा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. हे प्रकरण त्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा लांबलेलं आहे, पण मला आता घाई कसली.

मी तेव्हा तेरा वर्षांची, मराठी शाळेतली. पुस्तक इंग्रजी. मी चित्रांवरून सुरुवात केली, मग चित्रांखालच्या ओळी, मग बाबांचा फाटका शब्दकोश मांडीवर घेऊन चित्रांच्या आसपासचे परिच्छेद. ज्या पानावर चित्र नाही ते पान मी सरळ उलटायची. ही सवय पुढे मला भोवली, ते सांगणारच आहे. पण तेवढ्यावरही मला काय काय सापडलं होतं. एका राजाने शपथ घेतली होती की सगळा देश ताब्यात येईपर्यंत केस विंचरणार नाही. एकाचा दात निळा होता आणि तेच त्याचं नाव पडलं. एकाला म्हणे हाडंच नव्हती, त्याला ढालीवर घालून लढाईला न्यायचे. एक राजा खुर्ची टाकून समुद्रकिनारी बसला आणि भरतीच्या पाण्याला म्हणाला, थांब. त्यातलं काय घडलेलं आणि काय रचलेलं, याची पुस्तकालाही पुरती खात्री नव्हती. प्रत्येक गोष्टीला "असं म्हणतात" जोडलेलं असायचं. मला ते फार आवडायचं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाला कधी कशाची शंका येत नसे.

आमच्याकडे पालीहून फिलूबाय मासळी घेऊन यायची. उत्तनकडच्या ख्रिस्ती कोळ्यांतली ती, चाळिशीची, गुडघ्यापर्यंत लुगडं, गळ्यात सोन्याचा क्रूस आणि डोक्यावर टोपली. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बायका तिला जिन्यावरून जाऊ द्यायला कुरकुरायच्या. त्यांना ती हिंदीत ऐकवायची, "वास आता है तो नाक घर में रखो," आणि वर आमच्या दारात येऊन टोपली उतरवायची. एकदा आई बोंबील निवडत होती आणि मी तिथेच उंबऱ्यावर पुस्तक उघडून बसले होते. फिलूबायने चित्रातल्या होडीवर ओलं बोट टेकवलं. तो डाग अजून त्या पानावर आहे.

"ही कोनाची होरी?" तिने विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. ती ऐकत राहिली, बोंबलांचा भाव करायचंही विसरली. मग म्हणाली, "माझ्या सासऱ्याला दाखव गो. जल्म होरीवर काढला त्याने. आता डोल्याला दिसत न्हाय धड, आनि दिसभर आमचं डोकं खातंय. तेवढंच गप बसंल."

आईने आधी नाही म्हटलं, मग दोन रविवार विचार केला, आणि तिसऱ्या रविवारी मी फिलूबायबरोबर भाईंदरहून उत्तनच्या बसमध्ये बसले. मांडीवर पुस्तक, पायाशी तिची रिकामी टोपली. वाटेतला डोंगरीचा थांबा मागे टाकला की वाऱ्याला सुक्या मासळीचा वास यायला लागायचा. पालीच्या अरुंद गल्लीत दोन्हीकडे छोटी घरं, दारावर क्रूस, अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आणि गल्ली संपते तिथे एकदम समुद्र. त्या वाळूवर एक जुनी शिडाची होडी लाकडांच्या ठोकळ्यांवर उभी होती. डोलकाठी काढलेली, रंग उडालेला, पुढच्या टोकाला छोटा लाकडी क्रूस. तिच्या सावलीत बसून फिलूबायचे सासरे, पास्कू तांडेल, जाळ्याची भोकं बोटांनी चाचपून विणत होते. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, समुद्रात त्याचा शब्द अखेरचा. जमिनीवर मात्र तो फिलूबायचा होता.

पालीत त्या वेळी पास्कू नावाची चार माणसं होती आणि इनास नावाची सहा. आडनावंही तीच तीच. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. फिलूबायचा नवरा इनास कांदा, शेजारचा इनास ढोल, पलीकडचा पास्कू उपाशी. आमचे तांडेल होते पास्कू घड्याळ, कारण भरती-ओहोटीची वेळ ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे. मी त्यांना निळ्या दाताच्या आणि बिनहाडाच्या राजांची नावं सांगितली तेव्हा ते गालातल्या गालात हसले. "म्हंजे आपल्यातलेच," ते म्हणाले, आणि मला बसायला जाळ्याचा गठ्ठा पुढे सरकवला.

तिथून पुढे पाच-सहा महिने माझे रविवार पालीत गेले. मी चित्राचं वर्णन करायची आणि तांडेलबाबा प्रश्न विचारायचे. असे प्रश्न मला कुठल्या मास्तरांनी कधी विचारले नाहीत. फळ्या एकमेकींवर चढवलेल्या की कडेला कडा लावून जोडलेल्या? खिळे कशाचे? सुकाणू मागे की बाजूला? प्यायचं पाणी कशात भरायचे? मला उत्तर येत नसलं तर मी पुढच्या रविवारपर्यंत शोधून आणायची. फळ्या एकीवर एक चढवून लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत, हे कळल्यावर त्यांनी एक पूर्ण दुपार त्यावर विचार केला. "आपली कडेला कडा असते. त्यांची लाटेवर वाकत आसंल," ते म्हणाले. पुढे एका पानावर तेच लिहिलेलं सापडलं, आणि मला त्या दोघांचाही अभिमान वाटला, पुस्तकाचा आणि तांडेलबाबांचा.

भरतीला थांब म्हणणाऱ्या राजाची गोष्ट त्यांना पटली नाही. दरबारी लोक त्याची फार स्तुती करायचे, म्हणून समुद्र आपलं ऐकत नाही हे त्यांना दाखवायला राजाने तसं केलं, हे मी समजावलं. "त्ये ठीक हाय," तांडेलबाबा म्हणाले. "पन राजाने घंटाभर थांबून ओहोटी लागताना सांगितलं आसतं, तर समुद्राने ऐकलं आसतं. दोघांची इज्जत ऱ्हायली आसती." शिंगांच्या टोपांवरही त्यांचं मत पक्कं होतं. "शिंगां घालून होरीवर चढला, तर पयल्याच वाऱ्याला दोरीत आडकून मरंल." मी पान उलटलं तर खरंच, शिंगं खोटी आहेत, नंतरच्या चित्रकारांनी चिकटवली आहेत, असं लिहिलेलं. ढाल घेऊन लढणाऱ्या बायकांची गोष्ट निघाली तेव्हा फिलूबाय मागे मासे साफ करत होती. ती म्हणाली, "ढालीचं काय कवतिक? भरली टोपली घेऊन उत्तनच्या बसमधी चढून दाखवा म्हनावं." आता म्हणे कुठल्याशा थडग्यात तलवारीसकट पुरलेला एक योद्धा तपासणीत बाई निघाला. वाचलं तेव्हा मला पहिली फिलूबायच आठवली.

पण तांडेलबाबांचा एक प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा होता आणि तो ते दर थोड्या वेळाने विचारायचे. "ह्ये बुकात हाय, का तू सांगतंस?" सुरुवातीला मला राग यायचा. एकदा ते चालत्या होडीवरच्या स्वयंपाकाविषयी विचारत होते, मला काही सापडलं नव्हतं, आणि मी ठोकून दिलं की होडीच्या मधोमध मोठी चूल असायची आणि तिच्यावर अख्खा बोकड शिजायचा. त्यांनी हातातली सुई थांबवली. "उघडी होरी, लाकडाची, वर शीड, आनि मधी जाळ. बुकात हाय?" मी पुस्तक मिटलं. त्यांनी ओरडा केला नाही. तोंड समुद्राकडे फिरवलं आणि दुपारभर पाठमोरेच विणत राहिले. मी परतीच्या बसमध्ये रडले. मला आजही वाटतं, माझ्या आयुष्यात खऱ्याखोट्याचा जो काही धडा झाला तो त्या एका पाठमोऱ्या दुपारी झाला.

आता होडीचं. ती तांडेलबाबांची स्वतःची होती, त्यांच्या बापाने बांधून घेतलेली. इनासने एव्हाना दुसऱ्या एका कोळ्याबरोबर भागीत इंजिनाची बोट घेतली होती आणि जुनी होडी तीन वर्षं वाळूवर सुकत होती. आमच्याकडे त्या काळी जुन्या होडीचं शेवटचं ठिकाण ठरलेलं असायचं, ते म्हणजे पावाची बेकरी. जाड, मुरलेलं लाकूड, भट्टीत तासन्‌तास निखारा धरतं. बेकरीवाले किनाऱ्यावर फिरून मोडकळीला आलेल्या होड्या हेरून ठेवायचे. इनासने भाईंदरकडच्या एका बेकरीशी बोलणं केलं होतं. म्हाताऱ्याला सांगायची हिंमत मात्र घरात कुणाची नव्हती, म्हणून दिवस ढकलत होते. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

आणि नेमकं त्याच दिवसांत एका रविवारी मी राजाच्या अंत्यविधीचं पान उघडलं. दोन पानं भरून चित्र होतं. राजा मरतो. त्याची होडी किनाऱ्यावर ओढून आणतात. तिच्यात बिछाना घालतात, राजाला त्याच्या तलवारीसह निजवतात, शेजारी घोडा, कुत्रा, खाण्याचे जिन्नस. आणि मग होडीला आग लावतात. मी अगदी रंगून सांगितलं. तांडेलबाबांच्या हातातली सुई कधी थांबली मला कळलं नाही.

"म्हंजे होरी कोनाला इकत नव्हते?"

"नाही."

"तोडत नव्हते?"

"नाही. राजाबरोबर जाळायचे. किंवा तशीच अख्खी पुरायचे."

"बुकात हाय, का तू सांगतंस?"

"पुस्तकात आहे," मी छाती पुढे काढून म्हटलं. कारण ते खरंच होतं.

दोन दिवसांनी बेकरीची माणसं करवती घेऊन पालीला आली. तांडेलबाबांना तेव्हा कळलं. त्यांनी काठी टाकली, शिडी लावून होडीवर चढले, मागे सुकाणूशी जाऊन बसले आणि म्हणाले, होडी तोडायची नाही. मी मरेन तेव्हा माझ्याबरोबर जाळा, तोवर मी इथून उतरत नाही. पुस्तकात लिहिलंय. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. गावातल्या फादरनी येऊन समजावलं की आपल्यात माणसाला जाळत नाहीत, पास्कू, पुरतात. तर म्हणाले, मग पुरा, पण होडीसकट. पालीच्या दफनभूमीत होडी मावली नसती, गलेलठ्ठ फादर तरी मावले असते की नाही याची शंका होती.

मला हे कळलं ते बुधवारी. दार वाजलं. फिलूबाय होती आणि तिच्या डोक्यावर टोपली नव्हती. टोपलीशिवाय मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. ती आत आली नाही. "तुझ्या पोरीने म्हाताऱ्याच्या डोक्यात काय भरवलं, ते इचार तिला," ती आईला म्हणाली. "साखर हाय त्याला. दोन दिस पोटात कन न्हाय. डाक्टर बोलतंय, आज खाल्लं न्हाय तर चक्कर येऊन होरीवरनं पडंल. मेला तर मी काय तोंड दावू लोकांना?" आणि ती दाराच्या चौकटीला धरून रडली. मी एका माणसाला मारायला निघाले होते, आणि तेही एक खरी गोष्ट सांगून.

आईने तिला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुस्तक घे आणि जा तिच्याबरोबर. सांग त्यांना की पुढे असं लिहिलंय, होड्या भट्टीत घालायचे, पाव भाजायचे. त्यांना थोडंच वाचता येतं." फिलूबायनेही डोळे पुसले. "हां गो, तसंच सांग. बुकात हाय म्हन. तुझं ऐकंल तो."

बसमध्ये मी पुस्तक उघडलं. खोटं बोलायचं तर नीट जुळवून बोलावं, म्हणून ते अंत्यविधीचं पान पुन्हा वाचायला घेतलं. आणि त्यानंतरचं पान, चित्र नसलेलं, मी नेहमीसारखं उलटून टाकलेलं, ते पहिल्यांदा नजरेखालून घातलं. शब्दकोश घरी राहिला होता. पण एवढ्या महिन्यांत फळी, खिळा, डोलकाठी, सुकाणू हे शब्द मला कोशाशिवाय कळत होते. डोंगरी गेली ते मला कळलंसुद्धा नाही.

वाळूवर गाव जमलं होतं. तांडेलबाबा सुकाणूशी तसेच बसलेले, डोक्याला पंचा, ओठ पांढरे पडलेले. मी शिडी चढून वर गेले. माझ्या मागोमाग फिलूबाय पेजेचं भांडं घेऊन चढली. मी म्हटलं, "तांडेलबाबा, माझं चुकलं. मी एक पान वाचायचं सोडलं होतं."

"का सोडलं?"

"त्याच्यावर चित्र नव्हतं."

मी बोट ठेवून ओळ ओळ वाचत मराठीत सांगत गेले. होडीत घालून जाळलं किंवा पुरलं ते राजांना, सरदारांना, काही मोठ्या घरच्या बायकांना. त्यांच्याकडे आणखी होड्या होत्या. बाकीच्यांच्या होड्या वापरून वापरून जुन्या झाल्या की मोडायचे. चांगल्या फळ्या घराच्या भिंतींना लावायचे, चिखलाच्या रस्त्यावर अंथरायचे, धक्क्याला ठोकायचे. लाकूड वाया घालवायचे नाहीत. आणि जी पुरली, तिचं लाकूड बहुतेक ठिकाणी मातीत कुजून गेलं. खणणाऱ्यांना नुसते खिळे सापडले, ओळीने, जसे ठोकले होते तसे. त्या खिळ्यांवरून त्यांनी अख्खी होडी ओळखली, किती लांब, किती रुंद, किती फळ्यांची.

"खिळ्यांवरनं?" तांडेलबाबांनी विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात काही जाणून घ्यायची इच्छा ऐकू आली.

"हो. फक्त खिळ्यांवरून."

"म्हंजे जाळली ती राजांची. कामाची होती ती कामाला लागली."

"हो."

"आनि भट्टी? होरीवर पाव भाजायचे, आसं हाय बुकात?"

फिलूबायने मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. खाली इनास मान वर करून बघत होता. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं असतं तर ते पेज प्यायले असते, सगळे घरी गेले असते. आणि त्यांनी तो ठरलेला प्रश्न विचारला नव्हता, ही त्यात सगळ्यात वाईट गोष्ट होती. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता.

"नाही," मी म्हटलं. "भट्टीचं पुस्तकात नाही."

फिलूबायने मोठा उसासा टाकला. तांडेलबाबा हाताने सुकाणूचं लाकूड चोळत होते. मला वाटलं, संपलं, आता हे उतरत नाहीत. मग ते म्हणाले, "न्हाय म्हंजे न्हाय. तो बुक लिवनारा कवा भट्टीवर गेला नसंल." आणि फिलूबायकडे न बघता हात पुढे केला. तिने पेजेचं भांडं त्यांच्या हातात दिलं.

उतरण्याआधी त्यांनी अटी घातल्या. होडीच्या टोकाचा क्रूस घरी ठेवायचा. होडीच्या लाकडाची पहिली भट्टी स्वतः लावणार. आणि खिळे त्यांना परत द्यायचे. इनास म्हणाला, बेकरीवाले खिळे भंगारात घालतात, ते देणार नाहीत. तांडेलबाबा म्हणाले, मग मी उतरत नाही. इनासने खिळे कबूल केले.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही बेकरीत गेलो. मी, फिलूबाय, इनास आणि नवीन सदरा घातलेले तांडेलबाबा. भट्टीवरचा उस्ताद उत्तर प्रदेशातला होता, बनियनभर पीठ. त्याला सगळी हकिकत इनासने आधीच सांगितली असावी. त्याने तांडेलबाबांचा हात धरून त्यांना भट्टीच्या तोंडाशी नेलं आणि म्हणाला, "आइए चाचा. नमक पिया हुआ लकड़ी है, आग का रंग देखना आप." तांडेलबाबांनी काडी ओढली. कागद पेटला, ढलप्या पेटल्या, आणि मग फळी. ज्वाळेच्या कडेला हिरवट निळा रंग उमटला. त्यांना तो दिसत नव्हता. "सांग," ते मला म्हणाले. मी सांगत राहिले, कुठे निळा, कुठे हिरवा, कुठे साधा पिवळा. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही आणि तो ठरलेला प्रश्नही विचारला नाही. त्यांचे गाल ओले होते. माझेही होते, आणि उस्ताद उगीच पिठाच्या पोत्याकडे बघत होता.

निखारे बाजूला ओढून त्याने पावाच्या लाद्या आत सारल्या. पहिली लादी तांडेलबाबांच्या पंच्यात बांधून दिली. त्यातले पाव फिलूबायने गल्लीत घरोघरी वाटले. चार आमच्या घरी आले. आईने त्या रात्री बोंबलाचं कालवण केलं होतं, बाबांनी पावाचा तुकडा मोडून आधी हुंगला आणि म्हणाले, "चांगला भाजलाय." आईचे डोळे भरून आले, पण तिने मिठावरून बोलायची संधी सोडली नाही. म्हणाली, "कालवणात मीठ कमी घातलंय. पावात असेल."

सगळं लाकूड जळायला महिना लागला. मग एका रविवारी मी पालीला गेले तेव्हा तांडेलबाबा गुडघ्यांवर बसून वाळूत काहीतरी करत होते. शेजारी तेलाचा डबा, त्यात राखेतून वेचलेले काळे, वाकडे खिळे. जिथे होडी उभी असायची तिथेच ते एकेक खिळा वाळूत खोचत होते. नुसत्या बोटांनी अंतर मोजत, ओठ हलवत. दुपार कलली तेव्हा खिळ्यांच्या दोन लांब ओळी पुढे जाऊन एका टोकाला मिळाल्या. मी पुस्तकातलं खणलेल्या होडीचं छोटंसं रेखाचित्र उघडून बघितलं. फरक एवढाच की आमची जास्त रुंद होती.

तांडेलबाबा हाताने चाचपत खिळ्यांच्या आत गेले, मागे सुकाणूच्या जागी जाऊन बसले आणि मला हाक मारली. "बुक आनलंय? त्ये पान काढ. बिगर चित्राचं."

मी काढलं.

"आता लिव त्याच्यावर. पालीच्या पास्कू घड्याळच्या होरीवर पाव भाजले, गावाने खाल्ले. खिळे मोजून घेतले. बुकात न्हाय ना? मंग लिव."

मी पेन्सिलीने, समासात, माझ्या तेरा वर्षांच्या गोल अक्षरात लिहिलं. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. ते पुढे चार वर्षं जगले. त्यांना पुरलं, त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे, आणि खिळ्यांचा डबा इनासने शवपेटीत त्यांच्या पायाशी ठेवला. फादरने बघितलं नाही असं केलं.

हे सगळं मी परवा इराला सांगितलं. टीव्हीवर मालिकेतला राजा होडीत निजलेला, किनाऱ्यावरून जळते बाण सुटत होते. तिने आवाज बंद केला होता, कधी ते मला कळलं नाही. माझं सांगून झालं. मग ती माझ्याकडे वळून, तिच्या आईसारख्या बारीक केलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "आजी, खरं सांग. हे पुस्तकात आहे की तू सांगतेयस?"

मी उठले, कपाट उघडलं, ते पान काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "पुस्तकात आहे."